कोट, बाहेरकोट आणि दोन दिवस

"मुंबईत दोनच दिवस आहोत, काय काय बघावं?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी कुणीतरी विचारतं. विचारणारी माणसं आमच्या खेड-मंडणगडकडची. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी दवाखान्याला, कुणी आखाताला जाणाऱ्या मुलाला विमानतळावर सोडायला. मी मुंबईचा नव्हे. पण बी.ए.ची तीन वर्षं तिथं काढली, कवितेच्या निमित्तानं अधूनमधून जाणं होतं, म्हणून लोकांना वाटतं की याला ठाऊक असणार. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय होता, एवढीच माझी इतिहासातली पात्रता. पण पायी हिंडण्याची खोड आहे आणि मुंबईचा इतिहास पायांनीच नीट कळतो, असं माझं मत आहे.

पूर्वी मी लोकांना यादी द्यायचो. गेटवे, म्युझियम, राणीचा बाग, हाजीअली, चौपाटी. आता देत नाही. आता मी त्यांना एक भिंत बघायला सांगतो. ती भिंत आता नाही, ही त्यातली गंमत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ती पाडली.

आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'फोर्ट' म्हणत नाहीत, 'कोट' म्हणतात. 'कोटात नोकरीला आहे', 'कोटात काम होतं'. मी लहान असताना मला वाटायचं, हा अंगात घालायचा कोट. कोटात नोकरी म्हणजे साहेबी नोकरी! तो कोट म्हणजे तटबंदी, हे फार उशिरा कळलं. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, तो करार १६६१ चा. राजानं ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडानं देऊन टाकली. पुढं १७१५ च्या सुमारास चार्ल्स बून गव्हर्नर असताना वस्तीभोवती दगडी तट उभा राहिला. त्याला तीन दरवाजे. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बझार गेट. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा उठला. वसई म्हणजे हाकेच्या अंतरावर. तेव्हा तटाबाहेर खंदक खणायला व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. मुंबईच्या वर्गणीची परंपरा इतकी जुनी आहे.

तटाच्या आत तो कोट आणि बाहेर ते बाहेरकोट. हा 'बाहेरकोट' शब्द जुन्या मराठीत सर्रास होता, आता विरून गेला आहे. कोटाच्या आतही दोन भाग होते. दक्षिणेला गोरे, उत्तरेला पारशी, बनिये, बोहरी. १७ फेब्रुवारी १८०३ ला उत्तर भागात प्रचंड आग लागली, घरंच्या घरं जळाली आणि त्यानंतर देशी वस्ती मोठ्या प्रमाणावर बाहेर सरकली. तटाबाहेरची जमीन मुद्दाम मोकळी ठेवलेली असे. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्याला आडोसा नको, म्हणून. आज दाटीवाटीच्या मुंबईत ओव्हल, क्रॉस, आझाद अशी ऐसपैस मैदानं एका रांगेत कशी शिल्लक राहिली, याचं आश्चर्य करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की पोरं आज जिथं क्रिकेट खेळतात, ती तोफांसाठी राखलेली जागा आहे.

सर बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पडला. मराठ्यांचं राज्य १८१८ लाच गेलं होतं, भीती कुणाची उरली नव्हती. उलट तटामुळं आत माणसं गुदमरत होती. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाचा पैसा मुंबईत नुसता ओतत होता. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चं, म्हणजे नेमकं या उलथापालथीतलं. मुंबईवरचं मराठीतलं ते पहिलं पुस्तक. ज्यांना दोन दिवसांच्या मुंबईआधी काही वाचायचं असेल, त्यांनी ते चाळावं. भाषा जुनी आहे, पण बाजारात हिंडणाऱ्या माणसाची आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझी आपा. थोरली बहीण. वय पासष्ट.

आमचे अब्बा १९५६ मध्ये, अठराव्या वर्षी, मुंबईला आले आणि १९९६ पर्यंत गोदीत राबले. चाळीस वर्षं मुंबईच्या पैशावर आमचं घर चाललं. चुलीवर शिजायचं ते मुंबईचं, अंगावर यायचं ते मुंबईचं, माझी बी.ए.ची फीसुद्धा मुंबईची. पण घरातल्या एकाही बाईनं मुंबई पाहिली नव्हती. याला कारण आमची दादी. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारी अमावास्येचा दिवस, मुंबईतली चाकरमानी माणसं घरी निघालेली. आमच्या घरातलं कुणी त्या बोटीत नव्हतं. पण दादीनं ती बातमी अशी मनाला लावून घेतली की, पुरुषांनी पोटासाठी जावं, बायकांना तिकडं धाडायचं नाही, असा घरचा कायदाच झाला. पुढं बोटी बंद पडल्या, एस.टी. आली, कोकण रेल्वे आली. दादी गेली, अब्बाही २००९ मध्ये गेले. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. कायद्यांचं असंच असतं, सरकारी असोत की घरचे.

२०२४ च्या डिसेंबरात आपाच म्हणाली, "बाबू, अब्बांची मुंबई दाखव. गुडघे चालतायत तोवर."

सोबत तिचा नातू. बारावी झालेला. त्याला बांद्र्याला जाऊन शाहरुख खानचा बंगला बाहेरून बघायचा होता. मी म्हटलं, बघू. आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही.

मध्यरात्रीनंतर खेडला गाडी धरली आणि रविवारी उजाडायच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. भायखळ्याच्या नातेवाइकांचा मुलगा सामान घेऊन गेला. दोन दिवसांत मुंबई बघणाऱ्याला माझा पहिला सल्ला हा की, त्यातला एक रविवार असावा आणि तो कोटासाठी ठेवावा. रविवारी सकाळी कोट रिकामा असतो. कचेऱ्या बंद, फुटपाथ मोकळे, मान वर करून इमारती बघता येतात. एरवी मान वर करणारा माणूस तिथं धक्के खातो.

स्टेशनातून बाहेर पडलो आणि आपाला भुयारी रस्त्यानं समोरच्या बाजूला नेलं. इमारत समोरून बघितल्याशिवाय कळत नाही. रोज लाखो माणसं तिच्यातून ये-जा करतात, पण पाठ करून. ती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. त्याआधी तिथलं साधं स्टेशन बोरीबंदर, जिथून १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला गेली. दगडात कोरलेली पानं, माकडं, मोर, घुबडं जे. जे. कलाशाळेतल्या आपल्या मुलांच्या हातची आहेत. फाटकावर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. दर्शनी भागावरच्या गोलांत साहेबांचे चेहरे आहेत, त्यांतच जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. ते मी नातवाला शोधायला लावले. त्यानं मोबाइलचा कॅमेरा ओढून शोधले आणि मग तो जरा माणसात आला.

आपा मात्र दुसरीकडं बघत होती. "बाबू, तो घुमट कसला? दर्गा आहे का?"

तिला दिसत होतं ते जनरल पोस्ट ऑफिस. आणि तिचं फार चुकलं नव्हतं. १९१३ मध्ये पुऱ्या झालेल्या या पोस्टाचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. म्हणजे विजापूरच्या आदिलशहाच्या कबरीवरचा घुमट इंग्रजांनी उचलला आणि त्याखाली मनीऑर्डरी केल्या! अब्बांची मनीऑर्डर दर महिन्याला दहा तारखेच्या आसपास यायची. ती याच पोस्टातून निघायची असं नाही. पण आपाला तसं वाटलं आणि मी ते मोडलं नाही.

या पोस्टाजवळूनच बझार गेटचा रस्ता आत शिरतो. दरवाजा केव्हाच गेला, बाजाराच्या दरवाज्याची आठवण नावात राहिली. या बाजूला तटाचा एक खराखुरा तुकडाही उरला आहे. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, जुन्या फोर्ट जॉर्जची काळी भिंत. फारसं कुणी तिकडं फिरकत नाही. ज्यांना दगडाला हात लावल्याशिवाय इतिहास पटत नाही, त्यांनी जावं.

आम्ही दादाभाई नौरोजी रस्त्यानं सावकाश खाली आलो. मध्ये एका इराण्याकडं बसून ब्रून-मस्का आणि चहा झाला. आपानं पाव चहात बुडवला आणि म्हणाली, "अब्बा असंच खायचे." खरंच. गावी आल्यावरही ते भाकरी चहात बुडवत आणि दादी चिडायची. ती मुंबईची सवय होती, हे आज कळलं.

हुतात्मा चौकात कारंजं आहे ते फ्लोरा फाउंटन. १८६४ चं. ते नेमकं जुन्या चर्च गेटच्या जागी उभं आहे. दरवाजा पाडला आणि त्या जागी रोमन फुलदेवी आणून बसवली. जवळच हातात मशाल घेतलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात मोर्च्यावर गोळीबार झाला होता. अब्बा मुंबईत आले ते त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे लढा ऐन भरात असताना. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण शाहीर अमर शेखांना त्यांनी मैदानात ऐकलं होतं आणि ते ऐकणं त्यांना जन्मभर पुरलं. अमर शेख बार्शीचे, १९१६ चा जन्म, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि ते, या तिघांनी आपल्या कलापथकातून मुंबईचा कामगार जागा केला.

कार्यक्रमांतून मला अजून एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?" विचारणारा माणूस बहुतेक वेळा चांगला असतो, कौतुकानंच विचारतो. पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. सावित्रीच्या खाडीकाठची आमची बोली, दादीच्या ओव्या, सगळं सांगायचो. आता मी एवढंच म्हणतो, हुतात्मा चौकात एकदा जाऊन या आणि तिथली गर्दी जमवायला कोण कोण गात होतं ते विचारा.

तिथून पूर्वेला वळलं की हॉर्निमन सर्कल. बी. जी. हॉर्निमन हा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक. आपल्या बाजूनं लिहायचा, म्हणून १९१९ मध्ये सरकारनं त्याला हद्दपार केलं. वाटेत सेंट थॉमस चर्च लागतं, १७१८ चं. चर्च गेटचं 'चर्च' ते हेच. चर्चगेट स्टेशनवर रोज उतरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? सर्कलच्या पलीकडं १८३३ चा टाउन हॉल आणि त्यात एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. त्या पायऱ्या बघताच नातू ओरडला, "नाना, हे कोर्ट! सिनेमात असतं ते!" खरं आहे, हिंदी सिनेमात या पायऱ्यांवरून कितीतरी निर्दोष माणसं सुटून खाली आली आहेत. पायऱ्यांवर आपा पाऊण तास बसली. मी घाई केली नाही. दोन दिवसांच्या प्रवासात माणसं एक चूक हमखास करतात, बसत नाहीत.

दुपारी म्युझियम. १९७९ च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांचा असताना, अब्बांनी मला दोन दिवसांसाठी मुंबईला आणलं होतं. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसवून फिरवलं. या म्युझियमच्या फाटकाशी आम्ही थांबलो होतो. अब्बा म्हणाले, "हे म्युझियम. आत जुन्या वस्तू आहेत." मी म्हटलं, "आत जाऊ या?" ते म्हणाले, "तिकीट आहे." तिकीट फार नसावं. पण आज मला वाटतं, तिकिटाचा प्रश्न नव्हता. घामानं विटलेला सदरा घालून त्या दारातून आत जायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तट पडून शंभर वर्षं झाली होती, पण अब्बांच्या लेखी कोट कोटच होता आणि आपण बाहेरकोटातले.

म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली. पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी इस्पितळ होतं आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून दारं उघडली. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं आहे. जॉर्ज विटेटचं काम. याचाही घुमट विजापूरच्या घराण्यातला. आपानं यावेळी विचारलं नाही, नुसतं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. तिकिटं मी काढली. आत नातू अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल बघून खिळला. शाहरुख खानच्या बंगल्याचं नाव नंतर दिवसभर निघालं नाही.

संध्याकाळी गेटवे. त्यावर फार काही सांगण्यासारखं नाही, सगळेच बघतात. एवढंच की, पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती पुरी झाली १९२४ ला. ज्याच्या स्वागतासाठी बांधली त्याला ती मिळाली नाही. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण तिच्यातून गेली. म्हणजे खरा उपयोग झाला तो निरोपाला.

घारापुरीला आम्ही गेलो नाही. बोटीचा तास जायला, तास यायला, वर पायऱ्या. दोन दिवसांत घारापुरी घेतली तर तो दिवस तिचाच. आणि सोमवारी ती बंद, हे विसरून पुष्कळ माणसं गेटवेवर खट्टू होतात. बाणगंगा, मणिभवन, माहीमचे मखदूम अली माहिमी, यांतलं एकेक वेगळ्या खेपेला ठेवावं. माहीमचे पीर पंधराव्या शतकातले, अरबीतून कुराणावर भाष्य लिहिणारे पंडित. त्यांच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. पण तो डिसेंबरातला उरूस गर्दीचा, गुडघेदुखीवाल्यांनी जपून जावं.

सोमवारचा दिवस बाहेरकोटाचा. यासाठी सोमवारच हवा असं नाही, पण बाजार चालू असावा. मुकं बाहेरकोट बघण्यात अर्थ नाही.

क्रॉफर्ड मार्केटपासून सुरुवात केली. १८६९ चं, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरच्या दगडात शेतकरी कोरले आहेत, ते लॉकवूड किपलिंगच्या हातचे. रुडयार्ड किपलिंगचा हा बाप, समोरच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. तिथून शेख मेमन रस्त्याला लागलं की जामा मशीद. ती १८०२ ला पुरी झाली आणि तिच्या पोटात एक जुनं तळं आहे. कमानींवर वरचा भार पेललेला, खाली पाणी, पाण्यात मासे. बाहेर कापडबाजाराचा, हातगाड्यांचा कल्लोळ आणि आत ते हिरवट पाणी. बाजूच्या रस्त्याचं नाव जंजिकर स्ट्रीट. जंजिऱ्याकडून, कोकणातून आलेल्या आमच्या दर्यावर्दी मुसलमानांची ही जुनी वस्ती. मी आणि नातू आत जाऊन वजू करून आलो. आपा बाहेर अत्तराच्या दुकानात बसली होती. तिनं तळ्याचं वर्णन माझ्याकडून दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा नातवाकडून ऐकलं. मासे किती मोठे, हेही विचारलं.

पुढं पायधुणी. मुंबई आणि माझगाव यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती. ती ओलांडून आलेली माणसं इथं चिखलाचे पाय धुवायची, म्हणून हे नाव, असं सांगतात. आता तिथं पाय धुवायचं सोडा, पाय ठेवायला जागा नाही. पलीकडं भेंडीबाजार. नाव ऐकून लोकांना भलतंच वाटतं, पण ज्या गाण्याच्या घराण्यातल्या अमान अली खाँसाहेबांकडं लता मंगेशकर शिकल्या, ते घराणं याच बाजाराचं नाव लावतं.

आणि मशीद स्टेशन. हे नाव आमच्या एखाद्या मशिदीवरून पडलं असेल असं मलाही कॉलेजात वाटायचं. ते तसं नाही. ती मशीद ज्यूंची. कोकणातले बेने इस्रायली, घरी मराठी बोलणारे आपले शनवार तेली. त्यांच्यातल्या सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये इथं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे. त्यावरून बंदराला आणि स्टेशनला नाव पडलं, ते टिकलं. आपाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांचीही मुलं गावाकडनं अशीच आली असतील, पोट घेऊन."

अब्बांची खोली डोंगरीत होती. आमच्या गावच्या जमातीची खोली. कोकणातल्या गावोगावच्या जमातींनी मुंबईत अशा खोल्या धरलेल्या असत. खलाशी बोटीवरून उतरला की तिथं, गोदीवाला पाळीवरून आला की तिथं. वीस-पंचवीस माणसं आणि झोपायला पाळ्या. भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येकाची खुंटी ठरलेली, खुंटीखाली ट्रंक. माझी बी.ए.ची तीन वर्षं अब्बांच्याच खुंटीखाली गेली. ती इमारत आता नाही. तिच्या जागी नवं बांधकाम उभं आहे, हिरवी जाळी लावलेली. मी आपाला म्हटलं, "इथं होती." ती जाळीकडं बघत राहिली. मग विचारलं, "कितव्या माळ्यावर?" "तिसऱ्या." तिनं मान वर करून बोटानं तीन मोजले.

डोंगरीतून आम्ही चालत गोदीकडं निघालो. मी टॅक्सी म्हणत होतो, आपा नाही म्हणाली. अब्बा चालत जायचे.

पी. डिमेलो रस्ता गोदीच्या कडेकडेनं जातो. याचं जुनं नाव फ्रियर रोड. तट पाडणारा तोच बार्टल फ्रियर. आता रस्ता गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या नावाचा आहे. नावं बदलण्यावरून आपल्याकडं भांडणं फार होतात, पण हा बदल मला मनापासून आवडतो. आणि या रस्त्याच्या कडेला गोदीची उंच, लांबच लांब भिंत. कोटाची भिंत गेली, ही राहिली. तिला दरवाजे आहेत, त्यांना रंगांची नावं. येलो गेट, ग्रीन गेट, ब्लू गेट. अब्बा ही नावं गावी घरातल्यासारखी घ्यायचे.

या भिंतीच्या आत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या लगडी होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. कापसाला आग लागली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. गोदी, जहाजं, वखारी, आसपासची घरं उडाली. सोन्याचे तुकडे लांब लांब जाऊन पडले. किती माणसं गेली याचे आकडे वेगवेगळे आहेत. कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, त्यांची नावं आहेत, त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिल देशभर पाळला जातो. पण त्या काळी गोदीतला मजूर रोजंदारीवरचा. टोळीवाला सकाळी बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आणि मग १९५१ मध्ये मुंबईचं डॉक लेबर बोर्ड, यांनंतर कुठं त्यांची नोंद, त्यांचा पगार, त्यांची रजा सुरू झाली. अब्बांच्या टोळीचे म्हातारे मुकादम १९४४ ला गोदीत होते. ते म्हणायचे, "ज्याचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, तो त्या दिवशी मेलासुद्धा नाही." हे वाक्य अब्बा पुष्कळदा सांगत. माझ्या कुठल्याही कवितेत मला असं एक वाक्य जमलेलं नाही.

स्फोट झाला ती व्हिक्टोरिया गोदी आणि शेजारची प्रिन्सेस गोदी, दोन्ही पुढं भराव घालून बुजवल्या. म्हणजे अब्बा जिथं काम करायचे, तिथलं पाणीही आता नाही.

एका गेटाशी आम्ही थांबलो. आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडं असण्याचं कारण नव्हतं. दारावरचा माणूस सभ्य होता. नातवानं त्याला सांगितलं, "आमच्या आजीचे वडील इथं होते." त्यानं विचारलं, "किती साली?" आपानं पुढं होऊन उत्तर दिलं, "छप्पन ते शहाण्णव." तो म्हणाला, "मावशी, मी शहाण्णवला शाळेत होतो." मग त्यानं गाव विचारलं. तो निघाला महाडकडचा, सावित्रीच्याच वरच्या अंगाचा. त्यानं आपल्या बसण्याची खुर्ची बाहेर भिंतीच्या सावलीत आणून ठेवली आणि आपाला बसवलं. तिनं पाणी प्यायलं, चप्पल काढली, पाय चोळले. भिंतीला पाठ टेकून ती रस्त्यावरचे ट्रक बघत होती.

मग तिनं मला वेळ विचारली. मी सांगितली. डोंगरीतून निघालो तेव्हाची वेळ तिनं नातवाला मोबाइलवर बघून ठेवायला सांगितली होती, हे मला ठाऊक नव्हतं. दोघांनी हिशोब केला. पंचावन्न मिनिटं.

"अब्बा वीस मिनिटं म्हणायचे," आपा म्हणाली.